मेंढ्याला मिळालेला आशीर्वाद

"लहान मुलांना कार्टून सिनेमे दाखवावेत का हो, बाई?" पालकसभेत कुणीतरी विचारलं, आणि एलनुराच्या अंगात वारं संचारलं.

गावच्या बालवाडीची ती शिक्षिका. पुस्तकं खंडीभर वाचलेली. उभी राहून ती छातीठोकपणे म्हणाली, "निवडणारा शहाणा असला, तर कार्टूनसारखा गुरू नाही! आणि निवडणारी मी आहे! आमच्या पडद्यावर लांडगा नाही, बंदूक नाही, मरण नाही. बघून एक जरी मूल बिघडलं, तर माझं नाव बदला!"

घरी सासूबाईंनी चहा ओतता ओतता एवढंच म्हटलं, "आमच्या वेळी पोरं खरी मेंढरं बघायची. ती मरायचीसुद्धा. आणि पोरं पोटभर जेवायची."

"आई, काळ बदलला!"

"काळ बदलला गं. भूक नाही बदलली."

शुक्रवारी एलनुरानं बालवाडीत सिनेमा लावला. कोकराची आई हिमवादळात हरवते, कोकरू डोंगर पालथे घालतं, गाणी म्हणतं आणि शेवटी आई सापडते. एलनुराची स्वतःची आई नुकत्याच सरलेल्या हिवाळ्यात वारली होती. सिनेमा निवडताना तिनं शेवटचा भाग पुन्हा एकदा लावून बघितला होता. आई सापडतेच. मग हरकत कसली?

शनिवारी सकाळपासून फोन!

"बाई, आमचा पोरगा ताटातल्या खिम्याच्या गोळ्यांना थोपटून झोपवतोय! वर पांघरूण म्हणून रोटी घातलीय!"

"बाई, पोरीनं माझा लग्नातला रुमाल मेंढीच्या डोक्याला बांधला. आणि मेंढीनं तो खाल्ला!"

एलनुराला आनंद मावेना. "बघितलंत, आई? एका सिनेमात सगळ्या गल्लीत करुणा जागी झाली!"

"उद्या व्याही यायचेत," सासूबाई म्हणाल्या. "तोवर त्या करुणेला झोपवून टाक म्हणजे झालं."

व्याही म्हणजे एलनुराच्या दिराच्या, एर्मेकच्या, होणाऱ्या सासरची माणसं. पहिल्यांदाच घरी येत होती. लग्नाची तारीख ठरायची होती. पहिल्यांदा आलेल्या व्याह्यांसाठी मेंढा कापला नाही, तर त्याचा अर्थ एकच: आम्हाला तुमची मुलगी नको. शेजारच्या गावात तर मेंढा कापूनही सोयरीक मोडली होती. मेंढ्याचं शिजवलेलं डोकं मानाच्या म्हाताऱ्याऐवजी भलत्याच म्हाताऱ्यापुढे ठेवलं, एवढ्यावरून!

"वहिनी," एर्मेक सकाळपासून मागे मागे फिरत होता, "सगळं नीट होईल ना हो?"

"भावजी, मी आहे ना!"

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं.

पाहुणे आले. मुलीचे आजोबा सापाराली पांढरीशुभ्र टोपी घालून पुढे, मागे मुलीची आई, विहीणबाई. विहीणबाईंचा चेहरा असा, की दूध समोरून गेलं तर दही होऊन परत यावं! रीतीप्रमाणे एलनुराच्या नवऱ्यानं, तालायनं, मेंढा दारात आणून उभा केला. चांगला धष्टपुष्ट, खच्ची केलेला मेंढा. आता वडीलधाऱ्यानं हात पसरून आशीर्वाद द्यायचा, सगळ्यांनी "ओमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवायचे, आणि मग मेंढा परसात न्यायचा.

सापारालींनी तळहात उचलले. सगळ्यांनी उचलले.

एवढ्यात एलनुराची पाच वर्षांची लेक, बालवाडीतलीच सेझिम, बाणासारखी घुसली आणि मेंढ्याच्या गळ्यात पडली. "आजोबा, हिला नेऊ देऊ नका! हिचं बाळ हिला शोधत असेल!"

"अगं, तो मेंढा आहे," तालाय कुजबुजला. "त्याला कुठलं बाळ?"

"मग तो बाबा आहे!" सेझिमनं भोकाड पसरलं. "आजोबा, तो म्हातारा होऊ दे असं म्हणा ना!"

झाली पंचाईत! उचललेले हात रिकामे खाली आणायचे नसतात. आणि सापाराली आजोबांनी जन्मात कुठल्या लेकराला ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. त्यांनी पोरीकडे बघितलं, मेंढ्याकडे बघितलं, घसा साफ केला.

"याला दीर्घायुष्य लाभो! याच्या लेकराबाळांनी गोठा भरून जावो! ओमीन!"

"ओमीन!" जन्माच्या सवयीनं सगळे एका सुरात म्हणाले. तोंडावरून हात फिरवले. आणि मग एकेकाचा हात हनुवटीवर येऊन थांबला. काय बोललो आपण?

मेंढ्यानं तेवढ्यात विहीणबाईंच्या झग्याचं टोक तोंडात घेतलं.

"आता याला कोण सुरी लावणार?" सासूबाई हळूच म्हणाल्या. "दिलेला आशीर्वाद आहे."

"शेजारून दुसरा आणतो!" तालाय पळाला.

पहिल्या घरी गोठ्याच्या दारात तीन पोरं आडवी पडलेली. "आमच्यावरून जावं लागेल!" दुसऱ्या घरी मेंढी थेट पोरांच्या अंथरुणात, उशीवर डोकं ठेवून. तिसऱ्या घरच्या शेजाऱ्यानं हात जोडले. "तालाय, मेंढरू ने रे बाबा, फुकट ने! पण पोराला तू समजाव. आणि बायकोला सांग, पुढच्या वेळी सिनेमा नाचगाण्याचा लाव!"

तालाय रिकाम्या हातानं परतला. एर्मेकचा चेहरा पिठासारखा झाला.

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "रीत आम्हालाही कळते. मुलगी नको होती, तर तसा निरोप धाडायचा!"

"नाही हो, विहीणबाई!" एलनुरा धावत दाराआड उभी राहिली. "चूक माझी आहे. मी मुलांना सिनेमा दाखवला. कार्टून!"

"कार्टूननं मेंढा वाचवला?" सापाराली आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय आहे तरी काय त्यात? लाव बघू!"

मग काय! चुलीवर रिकाम्या पाण्याला उकळ्या फुटत होत्या, आणि भिंतीपाशी व्याही मंडळी ओळीनं कार्टून बघत बसली होती. कोकरू हिमात घसरलं, तसा आजोबांनी "अरे अरे!" म्हणून गुडघ्यावर हात मारला. आई सापडली, तेव्हा तर त्यांनी टोपीच काढून डोळ्यांना लावली. एलनुरानं चोरून विहीणबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि नाक मात्र सारखं ओढत होत्या.

"माझी आई मी सेझिमएवढी असताना गेली," विहीणबाई खिडकीलाच म्हणाल्या.

"माझी याच हिवाळ्यात," एलनुरा म्हणाली.

विहीणबाईंनी वळून तिला जवळ बसवून घेतलं.

"लहान मुलांचं मला ठाऊक नाही," आजोबा नाक शिंकरून म्हणाले, "पण हा सिनेमा म्हाताऱ्यांना दाखवण्यालायक अजिबात नाही! काळीज फाटतं! आता काहीतरी खायला घाला."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात सेझिमनं आजीचा झगा ओढला. "आजी, ते घोड्याच्या मांसाचे सॉसेज आहेत ना? ते दे ना! मला भूक लागलीय."

"अगं, घोडा चालतो तुला?" एलनुरा ओरडली.

"घोड्याचा सिनेमा कुठं बघितलाय आम्ही?"

सासूबाईंनी हिवाळ्याची उरलेसुरले सगळे सॉसेज पाण्यात सोडले. आजोबांनी चाटूनपुसून ताट साफ केलं. मेंढ्यापेक्षा घोड्याचा मान मोठाच, असा निवाडाही देऊन टाकला. लग्न जूनमध्ये ठरलं. एर्मेकनं आनंदाच्या भरात मेंढ्याचाच मुका घेतला!

सोमवारी एलनुरानं फार फार विचार करून सिनेमा निवडला. जनावर नको. पाखरू नको. आई तर नकोच नको. एका छोट्या लाल ट्रॅक्टरची गोष्ट, निव्वळ लोखंडी!

मंगळवारी सकाळी तालाय नांगरटीला निघाला, तर ट्रॅक्टर रजईत गुंडाळलेला आणि चाकापाशी सेझिम ओठांवर बोट ठेवून बसलेली. "शू! बाबा, तो दमलाय. झोपलाय."

वसंतातला ऐन नांगरटीचा हंगाम, आणि गल्लीत एकाही ट्रॅक्टरचा आवाज नाही! कुंपणाकुंपणापाशी बाप नुसते हात बांधून उभे.

"एलनुरा," तालायनं दबक्या आवाजात विचारलं, "सिनेमात हा उठतो कधी?"

एलनुरानं मान खाली घातली.

"पुढच्या वसंतात."