सरदारांची वाट आणि टिटवीची अंडी

पक्षी बघायला पक्षी लागतातच असं नाही. घराणं मात्र लागतं. ग्वाल्हेरबाहेरच्या जुन्या सरदारी शेतावर रविवारी नवशिक्यांसाठी पक्षी-फेरी निघते, तिथे हे शास्त्र आता पूर्णत्वाला पोचलं आहे.

नियम तीन: मातकट कपडे, मोबाइल बंद, तोंड बंद. (पहिला नियम सगळे पाळतात. नई सडकेच्या बाजारात नवी टोपीसुद्धा घेतात.)

त्या रविवारी फेरी नेणाऱ्या शरयूचा जीव टांगणीला लागला होता. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेवर, भर खडीत, टिटवीनं अंडी घातली होती. खड्यांसारखीच दिसणारी. एक बूट पडला की कारभार आटोपला.

तूर्त अंडी शाबूत होती, कारण पुढे कोणी चालायचं हे ठरत नव्हतं. फेरीला आलेल्या जयसिंहरावांचं घराणं तलवारीचं, मुकुंदरावांचं लेखणीचं. दोघे एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणत होते आणि एकमेकांना जागचं हलू देत नव्हते.

"इकडे अंडी आहेत, आंब्यांमागून जाऊ या," शरयू म्हणाली. चूक झाली. सुशिक्षित समाजाला अंडी जपा म्हटलं की तो ती बघायला धावतो.

"कुठेयत, कुठेयत? एक सेल्फी तो बनती है यार!" जयसिंहरावांचा नातू समरजीत पुढे घुसला. टिटवी डोक्यावर जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. ("किती गोड गाते!" असा अभिप्राय मिळाला.)

"समर, थांब!"

"बेटा," जयसिंहराव शरयूवर गुरकावले, "आमचे पणजोबा इथे शिकारीला यायचे. तू आम्हाला वाट शिकवणार?"

शरयूनं राग गिळला, हात जोडले. "पणजोबांसाठीच म्हणते, काकासाहेब. ही वाट नोकरांची. शेणाच्या पाट्या इकडून जायच्या. सरदारांची वाट ती, आंब्यांमागची."

(ती वाट गेल्या वर्षी शेजारच्या शेळ्यांनी पाडली होती.)

निखाऱ्यावर पडल्यासारखे सगळे बूट मागे आले. समरजीतला तर आजोबांनी कॉलर धरून ओढलं.

"मला आठवतंच आहे ना!" जयसिंहराव म्हणाले. "लहानपणी त्या आंब्यांमागूनच मिरवत न्यायचे आम्हाला."

मुकुंदरावांनी वाटेला वाकून नमस्कार केला. मग दोन्ही घराणी, खांद्याला खांदा लावून, लेंड्या तुडवत डौलात निघाली. पक्षी एकही दिसला नाही. फेरी अत्यंत यशस्वी ठरली. मागे टिटवी हळूच अंड्यांवर येऊन बसली.

तुम्ही हसलात, चांगलं झालं. पण दोन वाटांचं वाचताना, मनातल्या मनात तरी, नोकरांच्या वाटेवर उभे राहिलात का?

नाही ना? टिटवी आपली आभारी आहे.