तिसरी पायरी, पूर्ववत

सार्वजनिक ग्रंथालयातल्या लाकडी शिडीची तिसरी पायरी तडकलेली आहे, ही बाब ग्रंथालयात सर्वांना माहीत होती. ती दुरुस्त करणं नेमकं कुणाचं काम, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती चार वर्षं तडकलेलीच राहिली. ग्रंथपालसाहेब हातावर हात धरून बसले होते असं कुणी म्हणू नये. त्यांनी शिडीशेजारी एक पाटी ठोकून घेतली होती: ‘तिसरी पायरी वापरू नये.’ पाटीचं लाकूड उत्तम होतं.

वरच्या फळ्यांवरची पुस्तकं काढून देणाऱ्या परिचराला सगळे शिडीमास्तर म्हणत. त्याने त्या शिडीवर एकवीस वर्षं काढली होती. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, कुणाच्या शेजारी अंग चोरून उभं आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा. पायरी बदलावी म्हणून त्याने चार अर्ज दिले होते, आणि ते चारही ग्रंथपालसाहेबांनी फार जपून ठेवले होते.

एका दुपारी एका वाचकाने सर्वांत वरच्या फळीवरचं पुस्तक मागितलं. जाताजाता तीन शब्दकोशही जागेवर ठेवून यावेत म्हणून शिडीमास्तर ते छातीशी धरून चढला. कोशांच्या थप्पीमुळे पाय दिसेना. पाय नेमका तिसऱ्या पायरीवर पडला आणि कडाड्‌कन आवाज होऊन पायरी, कोश आणि शिडीमास्तर सगळेच खाली आले. कोशांना खरचटलंसुद्धा नाही. शिडीमास्तरच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. पुस्तक मागणारा वाचक धावत आला, खाली वाकला आणि अगदी कळवळून म्हणाला, “अरेरे! म्हणजे माझं पुस्तक आज मिळत नाही?”

शिडीमास्तरचा मेव्हणा सुतार होता. बहिणीचा रडका फोन आल्यावर तो हॉस्पिटलात जाण्याआधी तडक ग्रंथालयात गेला. कुणाला न विचारता त्याने चांगल्या सागवानाची नवी पायरी कापून बसवली, पाटी उपटून कोपऱ्यात फेकली आणि अर्ध्या तासात बाहेर पडला. ह्या अर्ध्या तासाने पुढे किती लोकांना कामाला लावलं, त्याची त्या भल्या माणसाला काय कल्पना!

जखमी कर्मचारी पुन्हा कामावर यावा म्हणून एक पुनर्वसन केंद्र होतं. शिडीमास्तरचं प्रकरण तिकडे गेलं. नियम साधा होता. अपघातापासून एकशे ऐंशी दिवसांच्या आत केंद्राच्या दाखल्यासह रुजू व्हायचं, नाहीतर पद आपोआप रद्द. रुजू होताना कर्मचाऱ्याला ‘त्याच पदावर, त्याच जागी आणि अपघातापूर्वी होती त्याच परिस्थितीत पूर्ववत’ स्थापित करायचं.

“नोकरी गेली तर हो?” बायकोने विचारलं. पोरीच्या कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती.

“नोकरी जाईल ते आहेच गं,” शिडीमास्तर म्हणाला. “पण तिकडे ती वरची पुस्तकं माझ्याशिवाय कुणाला सापडायची नाहीत. तशीच पडून राहतील बिचारी. जीव तुटतो.”

केंद्रातल्या पुनर्वसन अधिकारी बाई मनाने फार चांगल्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तशी शंका येण्याचा संभव आहे. त्यांनी अपघाताचा अहवाल बारकाईने वाचला, आणि अहवालात होती तशीच शिडी प्रशिक्षणासाठी बनवून घेतली. तिची तिसरी पायरी लाल रंगवली. मग ती शिडी त्यांनी सतरंजीवर आडवी ठेवली. उभ्या शिडीवरून केंद्रातच कुणी पडलं, तर त्याचं पुनर्वसन कुठे करायचं ह्याची नियमात तरतूद नव्हती.

ह्या आडव्या शिडीवर शिडीमास्तर दहा आठवडे चढला. दुसऱ्या पायरीवरून थेट चौथीवर. बाई हातात घड्याळ घेऊन शेजारून चालायच्या.

“शाब्बास! आज ढांग छान पडली.”

“पण बाई, खरी शिडी उभी असते.”

“तुम्हाला उगाच घाई. आधी आडव्यात आत्मविश्वास येऊ दे.”

“आणि उतरायचं कसं?”

बाईंनी आराखडा उघडून पाहिला. “उतरणं रुजू झाल्यानंतरच्या टप्प्यात आहे. चढलाच नाहीत तर उतरणार कुठून?” शिडीमास्तरने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

एकशे सत्तराव्या दिवशी दाखला मिळाला: ‘तिसरी पायरी तडकलेल्या शिडीवर चढण्यास पात्र.’ बायकोने तो देवासमोर ठेवला. दोन दिवसांनी बाई कामाच्या जागेची पाहणी करायला ग्रंथालयात आल्या, आणि शिडीपाशी येताच त्यांचा चेहरा पडला.

“ही पायरी अखंड आहे.”

“हो!” शिडीमास्तर खुशीत म्हणाला. “आमच्या मेव्हण्याने बसवली. बघा, कशी दणकट आहे.”

“अहो, पण ही परिस्थिती पूर्ववत नाही. तुमचा दाखला तडकलेल्या पायरीचा आहे. अखंड पायरीचं तुम्हाला प्रशिक्षणच नाही.”

“बाई, अखंड पायरीवर कुणीही चढेल की!”

“कुणीही चढेल. तुमचं प्रकरण केंद्राकडे आहे.” बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नियम तुमच्याच भल्याचा आहे. नाहीतर जखमी माणसाला लोक परत घेताना कुठल्या अडगळीत बसवतील, काही नेम नाही. आता बदललेल्या परिस्थितीचा नवा अर्ज करा. नऊ महिन्यांत नवा आराखडा येईल.”

“आणि माझे उरलेले आठ दिवस?”

ग्रंथपालसाहेब पुढे आले. ते खाकरले. “पायरीच पूर्ववत केली तर?”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. चार वर्षांत शिडीच्या बाबतीत साहेबांनी घेतलेला हा पहिला निर्णय होता. मेव्हण्याने बसवलेली पायरी परस्पर बसवलेली असल्यामुळे तिला मंजुरी नव्हती, सबब ती मोडायलाही मंजुरी लागणार नव्हती. इतकं सरळ काम ग्रंथालयात कधी झालं नव्हतं.

मेव्हण्याला बोलावणं गेलं. सुरुवातीला त्याला ही आपली थट्टा वाटली. खरं काय ते कळल्यावर तो जो भडकला, त्याला आवरता आवरता बहिणीच्या नाकी नऊ आले.

“मी लाकूड जोडतो ताई. तडे पाडत नाही. आणि ज्या पायरीने भाऊजींचा गुडघा घेतला, तीच पुन्हा करू? डोकं फिरलंय का ह्या लोकांचं?”

“फिरलंय. पण नोकरी ह्यांची जाणार आहे, त्या लोकांची नाही,” बायको म्हणाली. “कर बाबा. माझ्यासाठी कर.”

“कर रे,” शिडीमास्तरही म्हणाला. “मी टाकतो ढांग. दहा आठवडे तेच शिकलोय.”

एकशे अठ्ठ्याहत्तराव्या दिवशी मेव्हणा पटाशी घेऊन आला. तडा अहवालातल्यासारखा हवा होता: मधोमध, चार बोटं लांब, खालच्या बाजूने. बाई टेप धरून बसल्या. पहिला तडा तीनच बोटं पडला. “अजून थोडा,” बाई म्हणाल्या. मेव्हण्याने दात आवळून पुन्हा घाव घातला. सागवान चांगलं होतं, लवकर फुटेना. शेवटी चार बोटं भरली. बाईंनी फोटो काढला आणि शेरा दिला: ‘काम समाधानकारक.’ मेव्हण्याच्या कामाला कुणी लेखी शाबासकी देण्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने पटाशी पिशवीत टाकली आणि कुणाकडे न बघता निघून गेला. जाताना तो रडत होता. ग्रंथपालसाहेबांनी कोपऱ्यातली जुनी पाटी शोधून काढली, पुसली आणि स्वतःच्या हाताने ठोकली.

एकशे ऐंशीव्या दिवशी शिडीमास्तर वेळेच्या अर्धा तास आधी रुजू झाला. साहेबांनी गुच्छ दिला, व्यवस्थेत माणुसकी अजून शिल्लक असल्याचं छोटंसं भाषण केलं. बाईंनी प्रकरण यशस्वी म्हणून बंद केलं आणि पुढच्या प्रकरणाकडे गेल्या.

टेबलावर पहिलं काम वाट बघत होतं. सहा महिन्यांपूर्वीची तीच चिठ्ठी, तिला टाचलेली पाच स्मरणपत्रं, आणि समोरच्या खुर्चीत तोच वाचक. त्याला हवं होतं सरकारी कारभाराची खिल्ली उडवणाऱ्या गोष्टींचं पुस्तक.

“एका पुस्तकाला सहा महिने!” वाचक म्हणाला. “ह्यावरच खरंतर कुणीतरी गोष्ट लिहायला पाहिजे.”

शिडीमास्तर चढला. दुसऱ्या पायरीवर थांबला, दम घेतला आणि चौथीवर ढांग टाकली. गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तो वर गेला. वर जाऊन त्याने न बघता हात घातला आणि पुस्तक बरोबर हाताला लागलं. सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्याला इतकं बरं वाटलं. धुळीचा तो ओळखीचा वाससुद्धा त्याने छाती भरून घेतला. मग चौथ्या पायरीपर्यंत खाली येऊन त्याने पुस्तक वाचकाच्या हातात दिलं.

वाचकाची नजर आधी पाटीवर गेली, मग पायरीवरच्या ताज्या तड्यावर. तो पोट धरधरून हसला. “तडा तो तडा, वर पाटी! धन्य आहे ह्या लोकांची!” आणि तिथेच स्टूल ओढून, शिडीच्या पायथ्याशी बसून त्याने पहिली गोष्ट उघडली.

वर शिडीमास्तरने डावा पाय खाली सोडला. दुसरी पायरी पायाला लागेना. उजवा गुडघा तेवढा वाकेना. डावा पाय तिसऱ्या पायरीपाशी अधांतरी तसाच हलत राहिला.

“साहेब, जरा शिडी धरता का? आणि एक हात द्या.”

“हो हो,” वाचक मान वर न करता म्हणाला. “काय लिहिलंय हो! शिडीवर अडकलेल्या एका माणसाची गोष्ट आहे. बिचाऱ्याला कुणी हातच देत नाही. हसून हसून पुरेवाट झाली माझी.”

“साहेब, पाय घसरतोय.”

“आलोच,” वाचक म्हणाला. “एवढी शेवटची ओळ राहिलीय.”