झिपरीबाईंचा एक द्रोण

एका जंगलात, मुलांनो, मोहाची झाडं पुष्कळ होती आणि गाडी एकच होती. ती ओढायचा रेडा, आणि हाकायची झिपरीबाई नावाची अस्वलीण.

मोहाची दारू पिऊन गाडी हाकण्याबद्दल तिथे नियम होता. गाडीवानाने फार तर एक द्रोण घ्यावा. सभेत तो झिपरीबाईंनीच मांडला होता. त्यामुळे आपल्याइतका तो कुणाला कळत नाही, असं त्यांना मनापासून वाटे.

एका दुपारी साळिंदराकडे बारसं होतं. साळिंदराने द्रोण पुढे केला.

"घ्या बाई, एवढाच."

"एवढाच हं! नियम माझा आहे."

द्रोण पळसाच्या पानाचा. थोडा गळला. गळलेलं काही पोटात गेलं नाही, म्हणून झिपरीबाईंनी तो पुन्हा भरून घेतला. मग त्यांच्या मनात आलं, नियमात सशालाही एकच द्रोण आणि अस्वलालाही एकच. सशाचं पोट केवढं, आपलं केवढं! नियम करताना हे सुचायला हवं होतं. चूक आपलीच. ती त्यांनी लगेच दुरुस्त केली. आणखी तीन द्रोणांनी.

त्यानंतरचा मात्र त्यांनी हात आडवा धरून नाकारला. मर्यादा म्हणजे मर्यादा.

धुरपी सशीण आपली पाच पिल्लं घेऊन गाडीत बसली. तिचं घर ओढ्यापलीकडे.

"हळू न्या हं बाई. पिल्लांना पोहता येत नाही."

"धुरपे, गाडी कोण हाकतंय?"

ओढ्याच्या अलीकडे वानराचा नाका होता. गाडीवानाने एका पायावर उभं राहून नियम म्हणून दाखवायचा, अशी तिथली परीक्षा. झिपरीबाई उतरल्या. एक पाय उचलला, वानराच्या खांद्यावर हात टेकला आणि नियम असा खणखणीत म्हटला, की वानराचे डोळे भरून आले.

"पाठांतर असावं तर असं! जा बाई."

"अहो भाऊ," धुरपी ओरडली, "त्या तुमच्या आधारानं उभ्या आहेत!"

"वहिनी, नियमात खांद्याचं काही लिहिलेलं नाही."

धुरपीने एकेक पिल्लू खाली उतरवलं.

"माझ्यावर विश्वास नाही होय?" झिपरीबाईंचा आवाज कापला.

"आहे हो बाई. पण मला पिल्लं पाचच आहेत."

ती पिल्लांना घेऊन दगडांवरून पलीकडे गेली. झिपरीबाईंनी कासरा ओढला. त्यांना ओढ्यात उतरायच्या दोन वाटा दिसल्या. त्यांतली चांगली त्यांनी निवडली.

ती तिथे नव्हतीच. गाडी उलटली. रेडा जू मोडून चरायला निघून गेला. झिपरीबाई गळ्याएवढ्या पाण्यात बसल्या आणि काठावरची पिल्लं मोजू लागल्या. दहा भरली.

तेव्हा कुठे त्यांना आपले द्रोण नीट मोजता आले. नियम करणारी मोठी शहाणी, असं म्हणून त्या आधी हसल्या. मग रिकाम्या गाडीकडे पाहून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्या सभेत उभ्या राहिल्या. "कासरा माझ्याकडून काढून घ्या. मी पाच द्रोण प्याले होते."

सभेने वानराला विचारलं. वानर म्हणाला, "बाई परीक्षेत पास आहेत."

सभा गहिवरली. असा प्रामाणिक गाडीवान पुन्हा कुठे मिळणार? कासरा बाईंकडेच ठेवला, आणि ओढ्याला ताकीद देण्यात आली.

तात्पर्य: मुलांनो, किती पिऊन गाडी हाकावी याचा नियम तोंडपाठ असावा. मग गाडी कुठेही उलटो, आपल्याला कुणी दोष देत नाही. फक्त पिल्लं आधी उतरवून घ्यावीत.