धर्मेंद्रची नागपुरातली भानगड

कबड्डी खेळून खेळून धर्मेंद्रचा खुबा पार आखडला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतलं वाढीव हाड घासून काढलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं, इम्पिंजमेंट. शहापूरला परतल्यावर त्याच्या आईनं, सुमनबाईनं, ते नाव शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं आपल्या माहेरी, कोंढ्याला कळवलं. तिथं बातमी पोचली तेव्हा धर्मेंद्रची नागपुरात एंगेजमेंट झालेली होती.

नेमकी कोंढ्यातच रत्नमाला राहत होती. तिच्याशी धर्मेंद्रचं जवळजवळ ठरलं होतं, आणि त्याचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. तिचे वडील सेवकराम लगोलग शहानिशा करायला आले.

धर्मेंद्र कुबड्यांवर उभा होता. वाकायला बंदी, म्हणून तो पाया पडला नाही. मांडी घालायला बंदी, म्हणून चटईवर बसलाही नाही.

"मोठा साहेब झाला गा तू," सेवकराम म्हणाले. "नागपूरले एंगेजमेंट करून आला म्हणते."

"एंगेजमेंट नाही जी मामाजी, इम्पिंजमेंट. ऑपरेशन झालं."

"कुठी झालं? दाखव बरं."

धर्मेंद्र कानापर्यंत लाल झाला. टाके होते जांघेत. होणाऱ्या सासऱ्याला दाखवावी अशी ती जागा नव्हे.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी त्याच वेळी व्यायाम करवून घेणारी गुंजन मॅडम भंडाऱ्याहून आली. "चल धर्मेंद्र, धर माझा हात," ती म्हणाली. "कालसारखं लाजायचं नाही." आणि तिनं त्याच्या कमरेला हात घातला.

सेवकराम उठले आणि चालू लागले. आपलं लग्नच दाराबाहेर चाललेलं पाहून धर्मेंद्रनं कुबड्या टाकल्या. तो लंगडत लंगडत मागं निघाला, तो थेट पानठेल्यापर्यंत गेला.

"मामाजी, थांबा जी. थे व्यायामवाली मॅडम होय."

सेवकरामांनी वळून पाहिलं. इतकं वाईट लंगडणं खोटं असूच शकत नाही, हे त्यांना पटलं. मागून धापा टाकत गुंजन आली. "पहिल्यांदाच कुबड्यांशिवाय चालला हा. हात धरून रोज थोडा चालवला तर लवकर बरा होईल."

"चालवन कोण?"

"मी येतेच ना."

"तुमी नोको," सेवकराम घाईनं म्हणाले. "आमच्या रत्नमालाले शिकवून द्या. मी आणत जाईन तिले."

रत्नमाला येऊ लागली. सेवकराम चटईवर बसून पहारा देत. पानठेल्यापर्यंत एकटा गेलेल्या धर्मेंद्रला आता दारापर्यंत जायलाही हात लागू लागला.

"नाटक करून राहिला न तू?" रत्नमालानं हळूच विचारलं.

"हो."

"मंग नीट लंगड. बाबा पाहून राहिले."