मधली डबी

वायर दिसली की माझ्या हाताला खाज सुटते, हे आधीच कबूल करतो! मालवणजवळच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं मी. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरून येणारं आमचं इंटरनेट दिवसातून वीसदा जायला लागलं, तेव्हा मी छाती पुढे काढून जाहीर केलं, "लाइनमनची वाट कित्याक बघूची? उद्यापर्यंत नेट घोड्यासारखो धावतलो!"

"खंयच्या दिशेन?" बायकोने, म्हणजे इमेल्डाने, विचारलं.

प्रसंग मात्र गंभीर होता. आमची मुलगी रिशेल मासळीचं शास्त्र शिकलेली. गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती आणि मंगळवारी अकरा वाजता तिचा इंटरव्ह्यू होता, लॅपटॉपसमोर बसून. दीड वर्ष अर्ज करून आलेलं हे पहिलंच बोलावणं! आमचं घर खोलगटात. मोबाइलची रेंज हवी तर चढणीवरच्या टेलिफोनच्या खांबापर्यंत जावं लागतं, आणि तिथेही नुसतं बोलणं होतं, चेहरा काही दिसत नाही.

"पप्पा, मी मालवणात क्लॉडियाकडे जातंय," रिशेल म्हणाली. क्लॉडिया तिची मैत्रीण. "तिचो नेट बरो आसा."

"माझा चेडू लोकांच्या घरात बसान इंटरव्ह्यू देतला? जमाचा नाय!"

सोमवारी मी कामाला लागलो. मोडेम बंद करून चालू केला. दहा वेळा! त्याचा हिरवा दिवा काजव्यासारखा लुकलुकायचा, दोन मिनिटं स्थिर व्हायचा, की पुन्हा लुकलुक. मग माझी नजर भिंतीवरच्या एका चपट्या पांढऱ्या डबीवर गेली. बाहेरून आलेली तार तिच्यात शिरायची आणि आतून दोन तारा निघायच्या, एक फोनला, एक मोडेमला.

"सापडलो चोर!" मी ओरडलो. "मधे जोड जितके जास्त, तितको अडथळो जास्त. ही डबी म्हणजे दलाल!"

दलालाला उपटून खिशात टाकलं, सगळ्या तारा एकत्र पिळल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि काय सांगू! दिवा स्थिर! अर्धा तास गेला, तास गेला, दिवा ढिम्म हलेना! मी घरभर असा फिरलो, जणू इंटरनेट माझ्याच परसात उगवलं होतं. इमेल्डानेसुद्धा न मागता चहा दिला.

मंगळवार उजाडला. रिशेल इस्त्रीचा कुर्ता घालून लॅपटॉपसमोर बसली. अकराला दहा कमी असताना दिवा लुकलुकला. तिचा चेहरा पांढराफटक!

"घाबरू नको," मी म्हटलं. "खांबाकडे काजूच्या झाडाची फांदी तारेक घासता. मी ती बाजूक धरून ऱ्हवतंय. मधी मधी फोन करून विचारतंय, नेट इलो काय म्हणान."

बांबू घेऊन मी चढण चढलो. फांदी बाजूला रेटली. अकरा वाजून गेले तसा घरी फोन लावला.

"इलो काय नेट?"

"इललो! आता गेलो!" इमेल्डा किंचाळली.

म्हणजे फांदी आणखी उजवीकडे हवी. दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा फोन.

"आता?"

"इललो, परत गेलो!"

मग डावीकडे हवी! पुन्हा फोन. पुन्हा तेच! वर करून पाहिली, चौथा फोन, तरी तेच! प्रत्येक वेळी नेट येत होतं आणि मी विचारायच्या क्षणाला जात होतं. निसर्ग इतका खडूस असू शकतो, हे मला एकतीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं.

पाचव्यांदा फांदी ओढली, तेव्हा तिच्यातलं लाल मुंग्यांचं घरटं थेट माझ्या कॉलरमध्ये उतरलं. एका हातात तारेला टेकलेला बांबू, आणि बाकीचा मी नखशिखान्त थरथरतोय! नेमका त्याच वेळी बाबली रिक्षा घेऊन चढण चढत होता. बाबली माझा जुना विद्यार्थी.

"सरांका करंट लागलो!" तो ओरडला.

"करंट न्हय रे! मुंगे! मुंगे!"

पण माझे दात इतके वाजत होते, की त्याला फक्त "मूं मूं" ऐकू आलं असावं. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, सुक्या लाकडाने बाजूला सारायचं, हा धडा मीच त्याला शिकवला होता. अख्ख्या नोकरीत कुणाला तरी काहीतरी पाठ झालं होतं! त्याने कुंपणाचा दांडका उपटला आणि माझ्या पाठीत असा हाणला, की मी, बांबू आणि मुंग्या तिघेही खालच्या घळीत!

"सर, जिते आसास मा?" बाबलीने आधी देवाचं नाव घेतलं, मग माझ्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. "सर, कोण उचलणा नाय."

त्याच्या रिक्षातून घरी पोचलो. आत पाऊल टाकलं तर सगळं शांत. हिरवा दिवा स्थिर, रिशेल पडद्यावरच्या तिघांशी झऱ्यासारखी बोलतेय, फोनची तार भिंतीतून उपटलेली, आणि इमेल्डा ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघतेय. माझ्या डोक्यात पानं, कानावर मुंगी. मी दारातच खाली बसलो.

पाऊण तासाने रिशेल उठली. तिने एक कागद माझ्यापुढे धरला. अकरा चार, फोन, नेट गेलं. अकरा सात, फोन, नेट गेलं. अशा चार ओळी!

"चौथ्या वेळी माझ्या लक्षात इला, पप्पा. मगे फोनच काढलंय. त्यांनी विचारल्यानी काय झाला, म्हणान ह्यो कागद दाखवलंय."

"मगे?"

"हसले. खूप वेळ हसले."

"चुकलंय गो, बाय," एवढंच म्हणालो. तिने माझ्या कानावरची मुंगी चिमटीत धरून बाहेर सोडली.

दुपारी लाइनमन गुरुदास आला. भिंतीकडे बघून म्हणाला, "सर, हयसर एक डबी होती."

मी खिशातून काढून दिली. फोनच्या घंटीचा धक्का नेटला बसू नये, म्हणून ती असते म्हणे! मूळ दुखणं वेगळंच होतं. खांबावरचा जोड खाऱ्या वाऱ्याने हिरवा पडला होता. गुरुदासने तो कापून नवा केला आणि पंधरा मिनिटांत परतला. फांदीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

शुक्रवारी रिशेलच्या किंचाळीने मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो. निवड झाली होती! पत्रात लिहिलं होतं, घोटाळ्यातही शांतपणे नोंदी ठेवणारी व्यक्ती आम्हाला हवी आहे. इमेल्डाने नारळ फोडून गुळाचं गोड दोदोल करायला घेतलं. मी परसात जाऊन डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की चुलीचा धूर फार झालाय. आमच्याकडे गॅस आहे!

तेवढ्यात गुरुदास तक्रार बंद करायचा कागद घेऊन आला. "सर, हयसर सही करा."

मी चष्मा लावून वाचला. 'बिघाडाचे कारण' या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: जुना जोड, आणि ग्राहक.

मी सही केली. कुणाची आहे ते कळणार नाही, अशी!