फऱ्यामागं चार बोटं

आमच्या मुक्तानं नाताळासाठी काढलेलं हरीण तात्या दळवींनी डोळे बारीक करून पाहिलं, खिशातलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या पुढच्या पायामागं एक ठसठशीत टिंब दिलं.

"गोळी इथं! फऱ्यामागं चार बोटं. पाच नाही!"

"अंकल, दॅट्स सांताज रेनडियर!" मुक्तानं भोकाड पसरलं.

"कुणाचं का असेना गो. काळीज सगळ्यांचं तिथंच."

असे आमचे तात्या! शारजात आमच्या शेजारी एकटे राहायचे. बायकामुलं चिपळूणला, नोकरी जबल अलीच्या एका गोदामात. मटणवाल्याकडं टांगलेला बोकड दिसला की ह्यांचं व्याख्यान सुरू: छर्रा कुठला, गोळी कुठली, नेम कुठं. आमची ही म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! ह्यांनी कधी झुरळ तरी मारलंय का?"

एका शुक्रवारी तात्या मला अल ऐनला घेऊन गेले. त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या अरबानं शेतावर जेवायला बोलावलं होतं. त्यालाही ह्यांनी हिंदीतून चार बोटं शिकवलेलीच होती. आम्ही पोचलो तर म्हाताऱ्यानं पाळलेली हरणी कुंपणाच्या तारेत अडकलेली, मागचा पाय रक्तानं माखलेला.

"पैर टूट गया, खलास," म्हातारा म्हणाला आणि बंदूक तात्यांच्या हातात दिली. "तुम शिकारी. यल्ला!"

आली का पंचाईत!

तात्यांनी एक काडतूस उचललं. "ये छर्रा चिडिया का है, अरबाब. हरन मरेगा नहीं, तडपेगा." दुसरं उचललं. "ये गोली आरपार जायेगा. पीछे आदमी लोग हैं." मग म्हणे हरणीच तिरकी, नेम धरता येत नाही! म्हातारा वैतागला, "यल्ला, हबीबी!"

"रुको, चार उंगली नाप के आता है." बंदूक माझ्या गळ्यात मारून तात्या हरणीजवळ गेले. फऱ्यामागं बोटं टेकवली. तिथून हात हळूहळू मागच्या पायापर्यंत नेला आणि ओरडले, "अरे, मोडलाय कुठं? नुसती तार रुतलीय! पक्कड आणा, पक्कड!"

तार तुटली. हरणी धडपडली, उभी राहिली आणि लंगडत का होईना, पळाली. म्हातारा खदखदून हसला. माझा जीव भांड्यात पडला. तात्या मात्र मटकन वाळूत बसले.

परतताना गाडीत विचारलं, "तात्या, खरं सांगा, आजवर किती मारलीत?"

"एक. भेकर. पोरगेलाच होतो रे. घाईत पाच बोटं धरली, पोटात लागली. झाडीत जाऊन ओरडत होतं. खूप शोधलं, सापडलं नाही." रस्त्याकडं बघतच ते म्हणाले, "त्यानंतर बंदूक हातात घेतली ती आजच."



तारेनं त्यांचा तळवा फाटला होता. घरी हिनं त्याला बँड-एड लावलं.

"वहिनी, अजून एक द्या."

ते घेऊन तात्या फ्रिजपाशी गेले. तिथं मुक्ताचं चित्र लावलेलं होतं. त्यांनी बँड-एड त्या टिंबावर चिकटवलं आणि अंगठ्यानं नीट दाबलं.

"इज ही ओके नाऊ, अंकल?" मुक्तानं विचारलं.

"ओके गो," तात्या म्हणाले. "सापडलं ना वेळेवर."