विलायतेतली खंडेनवमी

बॉनेट उघडायलाच नको होतं, असं नंतर चाटी गल्लीत सगळे म्हणाले. पण धुळाप्पा ड्रायव्हर बॉनेट न उघडता पूजा करील कसा? माग असो, चक्की असो की मोटार, यंत्राला कुंकू लावायचं ते त्याच्या पोटात. वरून लावलेलं त्याला पोचत नाही, अशी त्याची ठाम समजूत होती. म्हणून कुंकवाची वाटी घेऊन तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

मोटार सिद्धलिंगप्पा शेटांची, नवी कोरी. आगबोटीतून पेटीबंद मुंबईला उतरलेली आणि तिथून कालच मालगाडीने सोलापुरात आलेली. मऊ चामड्याच्या गाद्या, चकचकीत दिवे आणि हँडल मारायची कटकट नाही. बटण दाबलं की सुरू! सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक समोरच्या कापडदुकानवाल्या रुद्रप्पांची. त्यांनी ती दिवाळीत घेतली, तेव्हापासून शेटांना अन्न गोड लागत नव्हतं. आज त्यांनी साऱ्या गल्लीला पेढे खायला बोलावलं होतं. रुद्रप्पांना तर दोनदा निरोप गेला होता.

"काय बे धुळाप्पा, आत झोपलास काय?" शेटांनी हाक मारली.

"शेट, हितं कुकू हाय."

"मग? तूच लावलंस की."

"म्या अजून बोट बुडवलं न्हाय. हे आदीचं हाय. वाळून खडखडीत झालंय."

मोटारीबरोबर कंपनीचा माणूस आला होता, वेणीमाधवराव. रुद्रप्पांची मोटारही त्यांनीच आणून दिली होती. कोटाची बटणं सावरत ते पुढे झाले. "अरे, तो रंग आहे. गंज चढू नये म्हणून विलायतेत लावतात."

धुळाप्पाने नखाने खरवडून पाहिलं. "रंगात अक्षता असत्यात व्हय?"

"पेटीत भुसा भरतात. त्यातला दाणा असेल."

"आन ही झेंडूची पाकळी?"

वेणीमाधवरावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. धुळाप्पा सरळ उभा राहिला. त्याचा बाप मंगळवेढ्याच्या माळावर मेंढरं वळायचा, तोच आवाज पोराच्या गळ्यात आलेला. हळू बोलायचं म्हटलं तरी तीन दुकानं ऐकायची.

"शेट, हा डायनामो जुना हाय! कुनाच्या तरी मोडक्या गाडीतला काढून हितं बशिवलाय. खंडेनवमीला हत्यारांसंगं पुजल्याला हाय त्यो! का विलायतेतबी खंडेनवमी करत्यात?"

गल्ली खो-खो हसली. सर्वांत जास्त हसले रुद्रप्पा. त्यांच्या घशात पेढा अडकला, तरी ते थांबेनात. "सिद्धलिंगप्पा, आरं तुला गंडवलं की रे!"

शेट लालबुंद झाले. हजारोंना बुडालो हे त्यांनी गिळलं असतं, पण रुद्रप्पाचं हसणं? छे! ते गरजले, "गप बसा! करत्यात खंडेनवमी! मीच तार केली होती कंपनीला. सिद्धलिंगप्पाची गाडी हाय, पुजून पाठवा म्हनून. गोऱ्या सायबानं सोवळं नेसून पूजा केली!"

"हो, हो! नारळसुद्धा फोडला," वेणीमाधवरावांनी लगेच री ओढली.

शेटांच्या पत्नी अंबुबाई आरतीचं ताट घेऊन कधीच्या उभ्या होत्या. "पुजल्यालीच हाय, तर मी कशाला ताटकळू?" असं म्हणून त्या ताटासकट आत निघून गेल्या.

शेट धुळाप्पाच्या कानाशी आले. "चुकलो म्हन. सगळ्यांम्होरं म्हन. न्हायतर उद्यापासनं येऊ नगंस."

धुळाप्पाची सात वर्षांची नोकरी, आधी शेटांच्या मालाच्या लॉरीवर. घरी बनाबाई आणि चार लेकरं. आणि खरं सांगायचं तर मोटारीवर त्याचा जीव होता. 'चुकलो' हा शब्द ओठापर्यंत आलाही. पण नखाखाली तो अक्षतेचा दाणा होता ना! त्याला तो तसाच टोचत राहिला.

"शेट, मोटार तुमची, पगार तुमचा. डोळं तर माझं हायेत! बगितल्यालं न्हाय कसं म्हनू?"

"मग लाग चालायला!"

"लागतो की!"

वेणीमाधवरावांनी घाईघाईने बटण दाबलं. मोटार एकदा खाकरली आणि गप्प झाली. रुद्रप्पांना तर आनंदाचं भरतं आलं. त्यांनी दुकानाच्या पायरीवरूनच हाळी दिली, "धुळाप्पा, सोड त्याला! माझ्याकडं ये. माझी गाडी अस्सल नवी हाय!"

आत्ताच नोकरी गेलेला शहाणा माणूस धावत जाऊन पाया पडला असता. धुळाप्पा म्हणाला, "येतो. पर आदी बॉनेट उघडा."

"उघड की! सगळ्यांदेखत उघड!"

वेणीमाधवरावांना एकाएकी मुंबईच्या गाडीची वेळ आठवली. बॅग उचलून ते स्टेशनाच्या दिशेने जे निघाले, ते मागे वळून न पाहता. इकडे धुळाप्पा रुद्रप्पांच्या मोटारीत कोपरापर्यंत शिरला. आधी हळदीची पाच बोटं दिसली. मग नारळाची शेंडी निघाली. मग लिंबू निघालं, वाळून सुपारीएवढं झालेलं. सगळं त्याने मडगार्डवर ओळीने मांडलं.

"शेट, तुमच्या गाडीची तर सगळी हाडं जुनी हायेत. वरचं कातडं तेवडं नवं."

रुद्रप्पांचं तोंड कडू झालं. "तू माझ्याकडं येऊ नगंस," ते पुटपुटले.

ऊन डोक्यावर यायच्या आत धुळाप्पाच्या दोन नोकऱ्या गेल्या. पण सिद्धलिंगप्पा शेटांचा चेहरा बघावा! "शेंडी निघाली रे शेंडी!" करत ते हसता हसता खाली बसले. मग दोन पेढे तोंडात कोंबून त्यांनी धुळाप्पाच्या खांद्यावर हात टाकला. "चल बे, तुझ्या हातानं सुरू हुईल. गाडी काढ. देवाला जाऊन येऊ."

"न्हाय."

"न्हाय म्हंजे? पगार वाढवून पायजे व्हय?"

"पगार आसू द्या. मला खोटं पाडलं सगळ्यांम्होरं. आता खरंबी सगळ्यांम्होरं बोला. गाडी जुनी हाय म्हना."

धुळाप्पा हाताची घडी घालून उभा राहिला. शेटांनी त्याच्याकडे पाहिलं, मोटारीकडे पाहिलं, समोर पडलेल्या तोंडाने उभ्या रुद्रप्पांकडे पाहिलं. मग दात-ओठ खात ते मोटारीच्या पायरीवर चढले.

"ऐका रे! माझी गाडी जुनी हाय!" आणि रुद्रप्पांच्या मोटारीकडे बोट करून आणखी जोरात ओरडले, "पर त्या गाडीपरीस लई नवी हाय!"